आज्ज्याची पलटण कुठली होती ते कसं शोधायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, ह्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक गावात एक तरी घर असतंय जिथं भिंतीवर फेटा बांधलेल्या, मिशीवाल्या फौजीचा फोटो लावलेला असतोय. विचारलं की सांगतात, आमचे आज्जे मिल्ट्रीत होते, लढाईला गेलते. कुठल्या लढाईला, तर "जर्मनच्या". पलटण कुठली, कुठल्या साली, कुठल्या देशात, ह्यातलं फारसं कुणाला माहीत नसतंय. आणि ज्यांना माहीत होतं ती माणसं एकेक करून चाललीत, म्हणून हे लिहायला घेतलंय, कारण शोधायचं असेल तर त्याचा एक क्रम आहे आणि तो धरून गेलं तर बरंच काही हाताला लागतंय.

पहिल्यांदा फोटो बघू नका, मेडल बघा. ट्रंकेत, देव्हाऱ्यात, कधी धान्याच्या कोठीवरच्या डब्यात सुद्धा मेडलं असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती घासू नका. आपल्याकडं खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ सगळं धुऊन पुसून पूजेला मांडतात त्यात आज्ज्याची मेडलं पण येतात, आणि घरची बाई मायेनंच ती चिंचेनं नाहीतर ब्रासोनं लख्ख करते. पण मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात त्या माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, दरवर्षी घासून घासून ती अक्षरं झिजतात आणि मग चकचकीत पण मुकी मेडल हातात राहते. धूळ असेल तर मऊ सुती कापडानं पुसा, बास. मग खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी बाजूनं तिरकी मारा, अक्षरांची सावली पडते आणि वाचता येतं. कड गोल असते त्यामुळं मेडल फिरवत फिरवत चारपाच फोटो काढायचे आणि लगेच वहीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, समजलं नाही तरी अक्षर न् अक्षर.

ह्यातला नंबर सगळ्यात मोलाचा. नावं सारखी असतात, एकाच गावात चार तुकाराम पाटील निघतील, पण एका पलटणीत तो नंबर त्या एकाच माणसाचा. नंबरनंतर हुद्दा येतोय: सिपॉय म्हणजे शिपाई, एन. के. म्हणजे नाईक, एल. एन. के. लान्स नाईक, हव म्हणजे हवालदार, जेम म्हणजे जमादार, सब म्हणजे सुभेदार.

आता पलटण. इथं १९२२ ही तारीख डोक्यात ठेवा. त्याच्या आधी मराठा पलटणींचे नंबर १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे होते. १९२२ ला सगळ्यांना एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली, १०३ ची पहिली बटालियन झाली जिला आजपण जंगी पलटण म्हणतात, १०५ ची दुसरी झाली ती काळी पाचवी, आणि ११४ ला ट्रेनिंगचं काम देऊन बेळगावात बसवलं, तेच पुढं आपलं मराठा सेंटर. म्हणजे मेडलवर ११० मराठा असं दिसलं तर माणूस १९२२ च्या आधीचा, बहुतेक पहिल्या महायुद्धातला. आणि ३/५ असं दिसलं तर ते पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन असं वाचायचं, माणूस १९२२ नंतरचा. स्पेलिंगमध्ये त्या काळी मराठाच्या मधे एक जास्तीचा एच घालत असत, एम-ए-एच-आर-ए-डबल टी-ए, त्यामुळं कॉम्प्युटरवर शोधताना तेच स्पेलिंग टाकायचं, आत्ताचं टाकलं तर जुनं काही सापडत नाही.

आणि प्रत्येक फौजी मराठा पलटणीतच होता असं धरू नका. आपल्याकडचे पुष्कळ लोक बॉम्बे सॅपर्समध्ये पूल-रस्ते बांधायला, आर्मी सर्व्हिस कोरमध्ये गाड्या हाकायला, पायोनियर कोरमध्ये रस्ते करायला, मेडिकलमध्ये जखमींना उचलून नेणारे पालखीवाले म्हणून गेलते. घरात सांगताना सगळे "लढाईत होते" एवढंच सांगतात आणि ते खरंच आहे, रस्ता केल्याशिवाय तोफ पुढं जात नाही. कडेवर आर. आय. ए. एस. सी. असं असेल तर ती सर्व्हिस कोर.

मेडल कुठली हे ओळखणं सोपं आहे. पहिल्या महायुद्धाची दोन नेहमीची: एक चांदीची, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं आणि मागं घोड्यावर बसलेला उघडा माणूस, १९१४ आणि १९१८ हे आकडे. दुसरी काशाच्या रंगाची, पंखवाली बाई आणि इंद्रधनुष्यासारखी रिबन. चांदीची मेडल कित्येक घरांत सापडत नाही कारण दुष्काळात नाहीतर लेकीच्या लग्नात ती सोनाराकडं गेली, त्यात घरच्यांचा काही दोष नाही, पोट आधी. दुसऱ्या महायुद्धात सहा टोकांच्या चांदण्या आहेत, मधे गोलात आफ्रिका, इटली, बर्मा असं लिहिलेलं असतं, ते वाचलं की माणूस कुठं होता ते तिथंच कळलं. रिबन राहिली असेल तर इटलीची लाल-पांढरी-हिरवी, म्हणजे इटलीच्याच झेंड्याचे रंग. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते की इंग्लंडच्या शिपायांना ह्या चांदण्या कोऱ्या दिल्या, नावाशिवाय, पण हिंदुस्थानी फौजेत नावं ठोकून दिली. म्हणून चांदणीची मागची सपाट बाजू आठवणीनं बघा. हिंदुस्थानचा नकाशा असलेली एक मेडल असते ती देशातल्या नोकरीची.

एखाद्या घरात पितळी थाळीएवढी नव्हे पण तळहाताहून मोठी, बारा सेंटीमीटरची काशाची चकती असते, तिच्यावर उभी बाई आणि सिंह, आणि उठावाच्या अक्षरात एक नाव. ती मिळाली तर जरा थांबा. ती बक्षीस म्हणून दिलेली नाही. पहिल्या महायुद्धात जो परत आला नाही त्याच्या घरी ती पाठवायचे. तिच्यावर हुद्दा घातला नाही, सुभेदार असो नाहीतर शिपाई, नुसतं नाव.

मेडल नसलीच तर कागद. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरच्या पावत्या, जुन्या पाकिटावरचा पत्ता. कागद जुना असेल तर घडी उलगडताना तुटतोय, त्यामुळं आधी आहे तसा फोटो काढा मग हळूच उलगडा, आणि सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांनी त्याचा डिंक पिवळा पडून कागदच खातोय. पत्र मोडीत असेल तर टाकून देऊ नका, आपल्या भागात जुनी माणसं मोडीतच लिहीत होती. मोडी वाचणारे बेळगाव-कोल्हापुरात अजून आहेत, कुणी ना कुणी भेटतंय.

आणि मग माणसं. इथं घाई करायची नाही. घरातल्या म्हाताऱ्या आज्जीला जाऊन "पहिलं महायुद्ध का दुसरं" असं विचारलं तर ती गप्प बसणार, कारण तिनं युद्ध असं पाहिलेलंच नाही. तिनं पाहिलंय ते घर. म्हणून घरातलंच विचारायचं, तेव्हा नोटा होत्या का रुपये, तांदूळ कसा मिळायचा, घरात कोण आजारी पडलं, मनिऑर्डर कोण वाचून दाखवायचं, औत कुणी धरलं. तिच्या उत्तरात साल लपलेलं असतंय आणि ते काढायचं काम आपलं. "मामंजी बसऱ्याला गेलते तेव्हा घरात मानमोडी आलती असं सासूबाई सांगायच्या", एवढं एक वाक्य आलं की समजायचं १९१८, कारण मानमोडीची साथ म्हणजे त्या सालचा इन्फ्लुएंझा, आणि त्याचा सगळ्यात वाईट काळ म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास. बघा की, त्याच ऑक्टोबरच्या शेवटी ११४ मराठा शर्कतला तुर्कांशी लढत होती, आत्ताच्या इराकात, तैग्रिस नदीच्या काठावर. तिकडं शिपाई जगला आणि इकडं त्याची बायकापोरं साथीत गेली असं कित्येक घरात झालं असणार. बेळगावच्या सेंटरमध्ये शर्कतच्या नावाचं स्मारक आहे, गावातल्या मानमोडीचं कुठंच नाही.

असे साल सांगणारे आणखी धागे आहेत. भोकाचा पैसा. तांबं लढाईला लागत होतं म्हणून सरकारनं १९४३ पासून मधे मोठं भोक असलेला पैसा काढला, पोरं तो करगोट्यात ओवत असत. आज्जीला भोकाचा पैसा लहानपणी हातात आल्याचं आठवत असेल तर ती गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली नाहीतर त्याच्या लगेच नंतरची. एक रुपयाची कागदी नोट पहिल्यांदा आली १९१७ च्या नोव्हेंबरात, ती पण लढाईमुळंच, चांदी कमी पडली म्हणून, आणि १९१८ ला तर अडीच रुपयांची नोट सुद्धा काढली होती. १९४० ला परत रुपयाची नोट आली आणि चांदीच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, म्हणून जुनी माणसं रुपया दगडावर आपटून आवाज ऐकायची. घड्याळाचं पण आहे, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत अख्ख्या हिंदुस्थानचं घड्याळ एक तास पुढं केलं होतं, वीज वाचावी म्हणून. शाळेची वेळ, मोटारीची वेळ बदलली असं कुणी सांगितलं तर ते हेच. आणि तांदूळ महागला, मिळेनासा झाला असं आलं तर १९४२ नंतरचं, जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडनं येणारा तांदूळ बंद पडला.

देशाचं नाव पण नीट येत नाही पण खुणा येतात. बसरा, खजूर, उंट, तुर्क असं काही आलं की मेसोपोटेमिया, म्हणजे आत्ताचं इराक, पहिलं महायुद्ध. त्यात "उपाशी ठेवलं, घोडं खायची वेळ आली" अशी कथा असेल तर कान टवकारा, कारण ते कुट-अल-अमाराचा वेढा असायची दाट शक्यता. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तुर्कांनी इंग्रज जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला कोंडून धरलं, त्यात १०३, ११० आणि ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खायला हिंदू-मुसलमान शिपाई पुष्कळ दिवस तयार नव्हते आणि त्यामुळं अंगातली ताकद गेली, दात हलायला लागले. दळण दळायला सोय नव्हती म्हणून विमानातनं जात्याचे दगड टाकले होते, विमानातनं रसद टाकायचे ते जगातले अगदी सुरुवातीचे प्रयत्न. मला ह्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते, इकडं गावात बायका पहाटे जात्यावर बसलेल्या आणि तिकडं नवऱ्यासाठी आभाळातनं जातं पडतंय. शेवटी शरणागती झाली, तेरा हजारांच्या आसपास लोक कैद झाले आणि वाळवंटातनं पायी चालवत नेले, त्यात फार मेले.

डोंगर चढून किल्ला घेतला, हबशी लोक होते, उन्हानं जीव जात होता असं आलं तर एरिट्रियातलं केरन, १९४१. १५ मार्चला ३/५ मराठानं कर्नल रीडच्या हाताखाली पिनॅकल नावाचा उभा सुळका घेतला, आणि त्यामुळं पुढचा किल्ला पडला. इटलीत कैदी होते असं सांगत असतील तर बहुतेक २/५, ती पलटण जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा पकडली गेली. इटलीत लढले असं सांगत असतील तर १/५ नाहीतर ३/५ बघा. ह्याच दोन पलटणींना दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाले, नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, एकटे राहिले तरी मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथंच पडले, आणि शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीच्या काठावर जखमींना उचलून आणून परत मोर्चांवर गेले, ते जगले. घाडगेंचं स्मारक इटलीत मोंतोने नावाच्या गावात २०२३ ला उभं केलंय, घड्याळाच्या रूपात, सावलीचं घड्याळ. जंगल, जळवा, मलेरिया, जपानी असं आलं तर ब्रह्मदेश नाहीतर मणिपूर, ४/५ मराठा मार्च १९४४ ला मणिपुरातल्या सांगशाकला होती.

आता कॉम्प्युटर. माणूस लढाईत वारला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट बघा, फुकट आहे. पहिल्या युद्धात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यात ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढ्यात नोकरीवर असताना मेलेल्यांचीच नावं तिथं आहेत, घरी जिवंत परत आलेला माणूस तिथं सापडणार नाही, म्हणून सापडलं नाही तर खट्टू होऊ नका. नाव शोधताना आडनावाचं एकच स्पेलिंग धरून बसू नका, शेवटचा व्ही कधी डब्ल्यू होतो कधी ओ होतो, कारण नाव सांगणारा शिपाई खानापूरचा आणि लिहिणारा कारकून कुठला तरी. सगळ्यात चांगलं म्हणजे नंबर टाकायचा. नाहीतर आडनाव सोडून नुसती रेजिमेंट टाकून यादी काढायची आणि गावाचं नाव बघत बसायचं, कारण खाली बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव आणि गाव-जिल्हा दिलेलं असतंय. आपल्या लोकांचं दहन झाल्यामुळं कबर नसते, नाव दहनाच्या स्मारकावर असतं, इटलीत सांग्रो आणि फोर्लीला, एरिट्रियात केरनला, ब्रह्मदेशात तौक्यानला. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर मात्र हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदुस्थानी शिपायांचे फक्त आकडे घातले. ते वाचून मला अजून राग येतोय.

जिल्हा शोधताना आत्ताचा नकाशा विसरायचा. १९५६ च्या आधी बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं, शहापूर सांगली संस्थानात, रायबाग कोल्हापूर संस्थानात. म्हणजे शहापूरचा शिपाई कागदावर सांगलीचा असू शकतो आणि चंदगडचा बेळगावचा. सगळ्या रेकॉर्डात बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंगच मिळणार.

शौर्यपदक होतं असं घरात बोलतात पण मेडल नाही, अशा वेळी लंडन गॅझेट, म्हणजे इंग्रज सरकारचं राजपत्र, ऑनलाइन आहे, त्यात नंबर आणि नावानं शोधता येतं. पलटण आणि साल कळलं असेल तर त्या पलटणीची वॉर डायरी, म्हणजे रोजनिशी, वाचायला मिळते, पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यू ओ ९५ ह्या नंबराखाली आहेत. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल पण बघून घ्या.

मग रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावातच आहे हे आपलं नशीब, दुसऱ्या पलटणीवाल्यांना कुठं कुठं लिहावं लागतंय. पण गेटवर जाऊन उभं राहायचं नाही, मिल्ट्री एरिया आहे, आत फोटो काढायचा नाही. अर्ज पोस्टानं रजिस्टर करून पाठवा नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसमार्फत. अर्ज ऑफिसर इन चार्ज रेकॉर्ड्सच्या नावानं, हिंदीत नाहीतर इंग्रजीत. त्यात नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव आणि त्या वेळचा तालुका-जिल्हा, भरतीचं अंदाजे साल, पेन्शन होती का नव्हती, तुमचं नातं, एवढं एका पानात लिहा. मेडलच्या कडेचा फोटो, डिस्चार्जची झेरॉक्स आणि तुमच्या आधारची झेरॉक्स जोडा. ओरिजिनल काहीही पाठवू नका, कुणीही मागितलं तरी.

एक आधीच सांगून ठेवतो, ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा फौजेचा नियम आहे. लढाई संपल्यावर घरी पाठवलेल्या हजारो लोकांना पेन्शन नव्हती. म्हणजे "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर येऊ शकतंय. तसं आलं तर परत एक पत्र लिहा आणि लाँग रोलमधली नोंद मागा. लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या सगळ्यांची मोठी वही, ती कायम ठेवायची असते. त्यात एका ओळीत का असेना पण नंबर, नाव, भरतीची तारीख आणि सुटल्याची तारीख मिळू शकते.

गावातली शाळा, चावडी, देवळाची भिंत पण बघा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं कित्येक गावांत दगडी पाटी बसवली, ह्या गावातनं एवढे लोक गेले, त्यातले एवढे मेले. कधी चुना नाहीतर ऑइलपेंट मारून ती झाकली गेलेली असते. गावच्या लोकांना विचारून, पंचायतीला सांगून, मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं साफ करा, ॲसिड नको.

सगळं गोळा झालं की एका वहीत दोन रकाने करा. एका बाजूला आज्जा त्या साली कुठं होता, दुसऱ्या बाजूला त्याच साली घरात काय चाललं होतं, शेत कुणी केलं, कोण जन्मलं, कोण गेलं, बैल कधी विकला. दुसरा रकाना सोडू नका, तो भरायला आज्जी, आत्त्या, गावातल्या शेजारच्या म्हाताऱ्या बायका लागतील, आणि बाप्यांना विचारलं तर तो रकाना रिकामाच राहतोय. वही मराठीत लिहा आणि घरातली पोरं कन्नड शाळेत असतील तर त्यांच्याकडनं कन्नडमध्ये पण उतरवून घ्या. फोटोंच्या मागं पेन्सिलीनं नाव लिहा, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतंय. एक झेरॉक्स माहेरवाशिणींकडं पण जाऊ दे, कारण आज्ज्याची मनिऑर्डरची पावती नाहीतर एखादं पत्र त्यांच्याच पेटीत निघायची शक्यता जास्त असते.